पुऱ्या हजेरीची पोर

दिवाळी तोंडावर आली आणि वैजंताचा हात मोडला. मोडायला तसं मोठं कारणही घडलं नव्हतं. शेळी दावं तोडून शेजारच्या मकेत शिरली, तिच्यामागं वैजंता धावली आणि हौदाजवळच्या शेवाळावर पाय सरकून उजव्या हातावर पडली. शेळी पोटभर मका खाऊन आपल्या पायांनी घरी परत आली. करकंबच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर घातलं आणि दोन महिने या हातानं काडीही उचलायची नाही असं बजावलं.

दुखणं वैजंतानं सोसलं असतं. सोसण्यात ती कुणाला हार गेली नव्हती. पण हात मोडला तो नेमका द्राक्षांच्या विरळणीच्या वेळी. विरळणी म्हणजे कात्रीचं काम. घडात मणी दाटीवाटीनं धरलेले असतात, त्यातले निम्मे मणी कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेले फुगतात. हे काम बायकांचंच, आणि वस्तीवर ते करायची बजाबाईची टोळी. टोळीत दहा घरच्या दहा बायका. बाग ठराविक रकमेला उक्ती घ्यायची, संपवायची आणि जे येईल ते हजेरीप्रमाणं सारखं वाटून घ्यायचं. त्यामुळं एकीची ओळ मागं राहिली की भार बाकीच्यांवर पडायचा. म्हणून बजाबाईचा नियम होता, घरची बाई आली नाही तर त्या घरची जागा दुसऱ्या घराला. आणि एकदा गेलेली जागा परत मिळाल्याचं वस्तीवर कुणाला आठवत नव्हतं.

वैजंताचा नवरा भीमा साखर कारखान्याला उसाच्या ट्रॅक्टरवर होता. तो घरी यायचा तो उन्हाळा लागल्यावर. घरात वैजंता, तिची सासू दगडाबाई आणि सातवीतली उत्कर्षा. नात जन्मली तेव्हा हे नाव भीमानं कुठूनसं ऐकून आणलं होतं. दगडाबाईच्या जिभेला ते कधी पेललं नाही, ती नातीला नुसतं 'बाय' म्हणायची.

बजाबाई हात बघायला आली. उंबऱ्यावर बसली आणि प्लास्टरवर बोटानं टकटक करून तिनं पाहिलं.

"लई दुखतंय का गं?"

"दुखतंय. पर ऱ्हाईल की, बजाक्का."

"ऱ्हाईल गं. मणी थांबत्यात व्हय तुज्यासाठी? अभिमन्यूआण्णाच्या बागंत मणी ज्वारीएवढं झाल्यात. परवापासनं लागायचंय."

बजाबाई वाईट बाई नव्हती. पण मागं रांग लावून बसलेल्या बायका तिलाही रोज वाटेत अडवत होत्या.

"उत्कर्षा येईल की," दगडाबाई चुलीपुढून म्हणाली. नातीचं नाव तिनं तीन तुकडे करून उच्चारलं. "शाळंला सुट्टीच लागलीया."

"मी येते, बजामावशी," उत्कर्षा आतून धावतच आली. कुणी बोलावण्याचीच ती वाट बघत असावी.

बजाबाईनं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "मांडवाला हात पोचतोय का तुजा?"

"डब्यावर उभी ऱ्हाते."

"अर्धी हजेरी मिळंल. अन निम्मी ओळ मी काढीन तुजी. पर जागा तुमच्या घरची ऱ्हाईल."

वैजंताला हे आवडलं नाही. पण बोलायला तिच्याकडं काय होतं? मोडका हात तेवढा होता. सुट्टीपुरतंच तर आहे, असं तिनं मनाला सांगितलं.

अभिमन्यूआण्णाची बाग मोडनिंबच्या वाटेवर होती. टेंपोतून उतरलं की बायका डोईला स्कार्फ गुंडाळत, कात्र्या हातात घेत आणि एकेक ओळ धरत. मांडव डोक्यावर, घड डोळ्यांपुढं लोंबलेले. दिवसभर मान वर आणि हात वर. सुरुवातीला खांदे भरून येतात, मग मुंग्या येतात, आणि दुपारनंतर खांदे आहेत की नाहीत तेही कळेनासं होतं. उत्कर्षा तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभी राहायची. एक झाड झालं की खाली उतरायची, डबा पुढं ओढायची, पुन्हा चढायची. बायका एकदा मान वर करून उभ्या राहिल्या की चालत राहायच्या. ही मात्र दिवसभर चढत-उतरत होती.

पण पोरीचा हात हलका होता. बारीक बोटं घडाच्या पोटात सहज शिरायची. बायकांच्या कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागायचं आणि मग तो मणी सडायचा. हिच्या कात्रीखाली असा मणी शोधूनही सापडत नव्हता. बजाबाईनं दोन-तीन घड उलटेपालटे करून बघितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "बघा गं बायांनो. ह्याला म्हंत्यात काम."

शाळेत उत्कर्षाचं असं नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. ती मधल्या बाकावरची मुलगी, चांगल्यात नाही आणि वाईटातही नाही. त्या दिवशी टेंपोतून घरी येताना तिची मान दुखत होती, पण ती ताठ होती.

दिवाळी झाली, शाळा उघडली. सकाळी वैजंतानं डाव्या हातानं खुंटीवरचं दप्तर काढलं.

"आज जाऊ द्या तिला शाळंला, आत्याबाई."

"जाईल की. आण्णाची तेवढी वरची ओळ ऱ्हायलीया, ती झाली की जाईल."

वरची ओळ झाली, मग खालची लागली. मग घड औषधात बुडवायचं काम आलं. पेल्यात औषध घ्यायचं, घड त्यात बुचकळून काढायचा, पुढचा घड. संध्याकाळी बोटांची टोकं पिवळी पडायची आणि भाकरीला औषधाचा वास यायचा. उत्कर्षा डाव्या हातानं खायला शिकली. दप्तर पुन्हा खुंटीवर गेलं, आणि त्यावर एक दिवस भीमाचा जुना सदराही कुणीतरी अडकवला.

शाळेतले सर मोटारसायकलवरून आले. "आजी, उत्कर्षा येत नाही शाळेत. आजारी आहे का?"

"मामाच्या गावाला गेलीया," दगडाबाईनं सांगितलं. बोलताना तिच्या आवाजात कसलीच अडचण नव्हती. लेकीबाळींसाठी सांगितलेलं खोटं ती खोट्यात धरतच नसे. आत भिंतीला टेकून बसलेल्या वैजंतानं ते ऐकलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. उठून बाहेर जावं, सरांना खरं काय ते सांगावं, असं तिच्या मनात आलं. ती उठली नाही.

आणि मग एका संध्याकाळी टेंपोतून उतरल्या उतरल्या बजाबाईनं दारातूनच हाक दिली.

"दगडाकाकू, आजपासनं तुज्या नातीला पुरी हजेरी. अर्धी न्हाय. माज्या हाताखाली एवढ्या लहानपणी पुरी कुणाला दिली न्हवती मी."

दगडाबाई चुलीपुढून उठली. तिला दिसायचं कमी, डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, पण त्या दिवशी ती कुठंही न धडकता डब्यापाशी गेली. डब्यातला गूळ काढला, बत्त्यानं फोडला, शेंगदाण्यात मिसळला आणि पदरात घेऊन घरोघर वाटत सुटली.

तिचं वागणं कुणाला वेडेपणाचं वाटेल. पण मोठ्या दुष्काळात दगडाबाई उत्कर्षाहूनही लहान होती. आईबरोबर खडी फोडायला जायची. सूर्य मावळल्यावर मुकादम पोरांना बाजूला काढून अर्धी हजेरी द्यायचा. आईइतकीच पाटी उचलली तरी अर्धी. एकदा तिनं दगडावर बसून भोकाड पसरलं होतं, मला पुरी पायजे म्हणून. मुकादम हसला होता, बायकाही हसल्या होत्या. ते हसू तिच्या मनातून कधी गेलं नाही. आता नातीला पुरी मिळाली, तेव्हा म्हातारीला वाटलं, आपली राहिलेली अर्धी कुणीतरी घरी आणून दिली.

"कशाचा गूळ, दगडाकाकू?" शेजारणीनं विचारलं.

"नात पुऱ्या हजेरीवर गेली माजी."

गूळ सगळ्यांनी खाल्ला. वैजंतानं तिच्या वाटणीचा पदराच्या टोकाला बांधून ठेवला आणि रात्री शेळीपुढं टाकला.

पुढच्या आठवड्यात बागेच्या फाटकावर एक पाटी लागली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. उत्कर्षानं टेंपोतूनच वाचून दाखवली, "या बागेत बालकामगार काम करत नाहीत."

"म्हंजी काय गं?" एका बाईनं विचारलं.

"म्हंजी ल्हान पोरं कामाला न्हाईत."

"आन तू?"

"मी पुऱ्या हजेरीची हाय," उत्कर्षा म्हणाली. बायका हसल्या. तीही हसली.

पाटी का लागली ते दुपारी कळलं. अभिमन्यूआण्णाची द्राक्षं परदेशी जायची होती आणि घेणाऱ्या कंपनीची माणसं बाग तपासायला निघाली होती. आण्णा सकाळपासून चपला फटफटवत इकडून तिकडं जात होता. माणूस मऊ होता, बायकांना चहा द्यायचा, कुणाला लागलं तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात न्यायचा. पण कंपनीची गाडी वळणावर आल्याचा फोन आला तसा तो ओळीत आला.

"बजाबाई, पोरी हिकडं काढा."

टोळीत उत्कर्षाखेरीज आणखी दोन पोरी आयांबरोबर यायच्या. त्या लगेच निघाल्या. उत्कर्षा डब्यावरच उभी राहिली.

"तू बी चल, बाळा."

"माजी ओळ ऱ्हायलीया, आण्णा. मी पुऱ्या हजेरीची हाय."

"हाईस की. कोण न्हाय म्हंतंय? पर घटकाभर नसल्यागत कर."

त्यानं तिला हाताला धरून खाली उतरवलं. डबाही उचलला. तिघींना औषधाच्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. खोलीला खिडकी नव्हती. ड्रम, फवारणीचे पाइप, फाटक्या पिशव्या, आणि नाकात झोंबणारा वास. बाकीच्या दोघी तोंडावर ओढणी धरून खिदळत होत्या. उत्कर्षा खिदळली नाही. ज्या माणसानं कालच आपला घड हातात धरून पाहुण्याला दाखवला, त्यानं आपल्याला पाइपांच्या मागं कोंबलं, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

आणि नेमक्या त्याच दिवशी उत्कर्षा भाकरी घरी विसरली होती.

दगडाबाई भाकरीचं फडकं काखोटीला मारून चालत निघाली होती. रस्ता पायाखालचा, डोळ्यांची तिला गरज पडली नाही. फाटकापाशी पांढरी गाडी उभी होती आणि एक तरुण बाई हातात मोबाईल घेऊन आण्णाशी बोलत होती. दगडाबाईला दोन आकृत्या दिसल्या. त्यातली एक आण्णाची आहे एवढं तिला कळलं.

"आण्णा, नातीची भाकर आणलीया. कुटंशी हाय ती?"

आण्णा काहीतरी पुटपुटला. त्या बाईनं वळून बघितलं आणि प्रेमानं विचारलं, "तुमची नात इथं कामाला आहे का, आजी?"

इथं दुसरं कुणी असतं तर जीभ चावून गप्प बसलं असतं. पण म्हातारीला इतक्या आपुलकीनं नातीबद्दल विचारणारं माणूस वस्तीबाहेर पहिल्यांदाच भेटलं होतं.

"हाय की. पुऱ्या हजेरीवर हाय. बजाबाईला इचारा, तिच्यावानी हात टोळीत कुणाचा न्हाय."

"वय काय तिचं?"

"बारा सरलं. पर हात बाईचा हाय, बाई."

मांडवाखालच्या कात्र्यांचा आवाज थांबला. त्या बाईनं आण्णाकडं बघितलं, आण्णानं जमिनीकडं. मग बजाबाई स्वतःच गेली आणि खोलीचं दार उघडलं. पोरी बाहेर आल्या. दोघी चटकन आयांच्या मागं गेल्या. उत्कर्षा चार पावलं चालली, उन्हात डोळे बारीक केले आणि तिथंच पिंपरणीच्या झाडाच्या बुडाशी ओकली.

गाडीतली बाई ओरडली नाही. तिनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, कितवीत आहेस म्हणून विचारलं. उत्कर्षानं सातवीत असं सांगितलं आणि दगडाबाईनं आणलेल्या भाकरीकडं बघितलंही नाही. जाताना बाईनं आण्णाला एवढंच सांगितलं, पुन्हा येऊ, न कळवता येऊ, आणि तेव्हा एक जरी मूल दिसलं तर या बागेचा एक घडही आम्ही उचलणार नाही.

गाडी गेल्यावर आण्णा बजाबाईला बोलला. हळूच बोलला, पण सगळ्यांदेखत. बजाबाईनं इतक्या वर्षांत कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

उत्कर्षा घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. दगडाबाई तिच्याजवळ जाऊन बसली तशी ती उसळली.

"तुला कुणी सांगितलं हुतं भाकर आणाया? तुज्यामुळं माजं काम गेलं, आज्जे."

"मी काय वाईट बोलले गं? तुजं नावच केलं की."

"नाव न्हवतं करायचं. न्हाय म्हणायचं हुतं. शाळंतल्या सरांना न्हाय म्हणलीस की."

दगडाबाईला अजून कळत नव्हतं की चुकलं कुठं. पुरी हजेरी ही लपवायची गोष्ट कधीपासून झाली? तिनं चुलीवरचं गरम पाणी तांब्यात घेतलं आणि पोरीचे हात धुवायला पुढं ओढले. पोरीनं ओढून घेतले नाहीत. म्हातारीनं बोटं चाचपली. टोकं खरखरीत झालेली, नखांशेजारची कातडी सोलवटलेली, आणि अंगठ्याच्या मुळाशी कात्रीच्या कडीचा घट्टा. डोळ्यांना दिसत नव्हतं ते इतके दिवस नुसतं ऐकत होती ती, नातीचा हात असा, नातीचा हात तसा. आता हात हातात आल्यावर तिला वाटलं, हा तर माझाच हात आहे. खडी फोडणारा. आपली राहिलेली अर्धी हजेरी कुणी आणून दिली नव्हती, आपणच ती पोरीकडून काढून घेतली होती.

"जळजळतंय का गं, बाय?"

"रोजच जळजळतंय," उत्कर्षा म्हणाली. आणि मग मात्र ती आजीच्या मांडीवर डोकं घालून मोठ्यानं रडली.

वैजंता दारात उभी होती. "बरं झालं," ती म्हणाली. "काम गेलं ते बरं झालं. मी रोज सकाळी ते दप्तर बघते अन तोंड फिरवते, आत्याबाई. माजा हात मोडला म्हणून तिची शाळा मोडली. तुमाला दिसत न्हाय, मला दिसतंय."

दिवस मावळायला बजाबाई आली. रागात असेल असं वाटलं होतं, पण ती दमलेली होती.

"झालं ते झालं," ती उंबऱ्यावर बसत बोलली. "वैजंता, तुज्या घरची जागा ऱ्हावी असं मला बी वाटतंय. ओढ्याच्या खालतीकडं बेदाण्याची बाग हाय. तितला माल हितंच वाळवत्यात, तितं कुणी गाडीतनं बघाया येत न्हाय. मालक टोळीतलं दोन-तीन हात मागतोय. उत्कर्षाला तितं लावू. जागा तशीच ऱ्हाईल."

उत्कर्षा उठून बसली. तिचे डोळे सुजले होते. "मी जाते," ती लगेच म्हणाली.

वैजंता काही बोलणार तोच दगडाबाई बोलली. "न्हाय जायची ती."

"मग जागा जाती, काकू. मी काय करू? वैजंताची ओळ कोण काढणार? तू?"

"मी काडली असती. डोळं न्हाईत." मग दगडाबाईनं विचारलं, "बजे, तुमी बागंत किती वाजता लागता गं?"

"नऊ वाजत्यात की. भाकऱ्या कोण भाजणार? घरच्यांच्या, दुपारच्या. त्यातच दिस वर येतोय."

"अन घड दिसाया लागत्यात कवा?"

"सूर्य उगवला की दिसत्यात."

"मग असं कर. नऊ घरच्या भाकऱ्या मी भाजते. पीठ अन जळण ज्याचं त्यानं आदल्या सांजच्याला आणून द्यायचं, भाजी-कोरड्यास ज्याचं त्यानं करायचं. तुमी उगवतीला बागंत हुबं ऱ्हावा. नऊ वाजंपतोर जेवढा येळ वाचंल, त्यात सगळ्या मिळून वैजंताची ओळ काडा. तिचा हात बरा झाला की ती येईल. सावड म्हणा."

सावड बजाबाईला नवी नव्हती. पेरणीला, खळ्याला वस्तीवर सावड चालायची, तू माझं कर, मी तुझं करते. पण भाकरीची आणि कात्रीची सावड कुणी केली नव्हती.

"तुला दिसत न्हाय, काकू. नऊ घरच्या भाकऱ्या?"

"भाकर डोळ्यानं भाजत्यात व्हय गं? ती हातानं थापत्यात अन नाकानं भाजत्यात."

बजाबाईला हसू आलं. हसता हसता ती थांबली. "अन त्या बाकीच्या दोन पोरी? त्यांच्या आया म्हणतील, हिची पोर शाळंत, आमची का न्हाय सोबतीला."

"त्यांनाबी शाळंत धाड म्हणावं. ज्या घरची पोर बागंत, त्या घरची भाकर माज्या तव्यावर न्हाय. मग ती बाग आण्णाची असू दे न्हायतर बेदाण्याची."

"लई तोंड आलंय गं तुला म्हातारपणी."

"उशीरच झाला यायला," दगडाबाई म्हणाली.

बजाबाईनं लगेच होकार दिला नाही. टोळीला विचारते म्हणून उठली. पण दुसऱ्या दिवशी सांज व्हायच्या आत दारात पिठाचे डबे येऊ लागले. कुणाचा स्टीलचा, कुणाचा झाकण नसलेला, कुणी पिशवीतच बांधून दिलेलं. दोन डबे उशिरा आले, अंधार पडताना, त्या पोरींच्या आयांचे. एक कुरकुरत आली आणि डबा ठेवून न बोलता गेली. दगडाबाईनं तिचं पीठ हातात घेऊन हुंगलं आणि ज्वारी जुनी आहे, गरम पाण्यात मळावी लागेल, असं वैजंताला सांगितलं.

पहाटे चूल पेटली. भीमानं फोनवर आईला वेड्यात काढलं होतं, पण अडवायला तो तिथं नव्हता. दगडाबाई परातीत पीठ मळत होती, थापत होती, भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवत होती. वैजंता डाव्या हातानं जळण सारत होती आणि फुगलेली भाकरी चिमट्यानं उतरवत होती. धुरानं दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. एखादी भाकरी करपली की दगडाबाई वासावरून ओळखायची आणि ती स्वतःच्या फडक्यात बाजूला ठेवायची. खांदे तिचेही भरून आले. ती बोलली नाही, पण थापण्याचा आवाज संथ होत गेला तेव्हा वैजंताला ते कळलं.

बायका आपापली फडकी घेऊन आल्या. कुणी भाकरी मोजली नाही. उजाडताना टेंपो आला. उत्कर्षा केव्हाच उठली होती, केस डोक्यावर गुंडाळून वर स्कार्फ बांधून तयार होती. कुणी काही म्हणायच्या आत ती टेंपोशी जाऊन उभी राहिली. बजाबाईनं वरून तिच्याकडं बघितलं.

"तुज्या वाटणीची कात्री आज आमी नऊ जणी मिळून चालवणार हाय. तू घरला जा, पोरी."

"मला येतंय की सगळं," उत्कर्षा म्हणाली.

"येतंय म्हणून तर," बजाबाई म्हणाली, आणि तिनं ड्रायव्हरला हात दाखवला.

टेंपो गेला. उत्कर्षा घरात आली आणि चुलीकडं पाठ करून बसली. तिला राग आला होता आणि खरं म्हणजे तिला भीतीही वाटत होती. बागेत तिला सगळे ओळखत होते. शाळेत इतक्या दिवसांनी जायचं, पुढची गणितं झालेली असणार, मैत्रिणी दुसऱ्या कुणाशी बसत असणार, आणि सर सगळ्यांदेखत विचारणार, मामाच्या गावाला काय काय केलंस? हे सांगायचं कुणाला? आईला? आजीला? ती भिंतीचे पोपडे काढत राहिली.

वैजंतानं गणवेश काढून ठेवला. तो कुठंकुठं आखूड झाला होता. दप्तरावरचा सदरा बाजूला केला, दप्तर झटकलं.

"ऊठ गं. येण्या घालायच्यात."

पोर उठली नाही. वैजंता तिच्या मागं बसली आणि डाव्या हातानं स्कार्फ सोडला. महिनाभर अंबाड्यात कोंबलेले केस पाठीवर सुटले. त्यांना औषधाचा वास होता आणि जागोजाग गुंता होता. वैजंतानं एका हातानं फणी फिरवली, भांग पाडला, केसांच्या तीन बटा धरायला गेली आणि त्या सुटल्या. पुन्हा धरल्या, पुन्हा सुटल्या. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी धरायला गेली तर मनगटातून कळ आली. तिसऱ्यांदा सुटल्यावर तिनं फणी खाली ठेवली. आपल्याला रडू येतंय हे लेकीला कळू नये म्हणून ती श्वास धरून बसली.

दगडाबाईनं परातीत हात धुतले. पदराला पुसले. नाकाशी नेऊन हुंगून बघितले. मग ती सरकत सरकत सुनेशेजारी येऊन बसली आणि चाचपत केसांच्या त्या बटा तिच्या हातातून घेतल्या.

"तू एक धर. मी दोन धरते," ती म्हणाली.

म्हातारीच्या बोटांनी आयुष्यात दोरखंड वळले होते, झाडूचे हीर बांधले होते, गुरांची दावी विणली होती. स्वतःचे केस तिनं लहानपणापासून एकाच गाठीत बांधले होते, खडीवर जाताना वाऱ्यानं डोळ्यांवर यायला नकोत म्हणून. लेक तिला नव्हती. सून आली ती मोठी होऊनच आली. दोघी मिळून एक वेणी वळत गेल्या, वैजंता डाव्या हातानं बट पुढं करायची आणि दगडाबाई तिच्यावरून आपली आणायची. वेणी मध्येच जाड झाली, मध्येच बारीक. कुठं केस ओढला जाऊन पोरीची मान मागं यायची, पण ती काही बोलत नव्हती. खाली रिबिनीपर्यंत आल्यावर दगडाबाईचे हात थांबले. तिनं लाल रिबीन बोटांत धरून दोन्ही बाजूंनी चाचपली.

"बाय," तिनं हळूच विचारलं, "शाळंच्या पोरी ही खालीच सोडत्यात का वर बांधत्यात? मला ठावं न्हाय गं."

उत्कर्षा तशीच बसून राहिली. आजीची बोटं रिबीन धरून तिच्या पाठीवर थांबलेली तिला जाणवत होती. मग तिनं हात मागं नेला, आजीचं बोट धरलं आणि ते वेणीच्या टोकापासून कानापर्यंत वर नेलं.

"वर, आज्जे. दुमडून घ्यायची अन हितं बांधायची. मी दावते तुला."